टिकली काढणारी

“मी नाही कुणाची टिकली काढणार,” विद्युल्लता घोरपडे म्हणाली आणि मी दिलेली चिठ्ठी तिनं माझ्याच टेबलावर परत ठेवली.

मी ती तिच्या शेजारणीला दिली. तिनं वाचली आणि पुढच्या बाकावर सरकवली. पुढचीनं तर न वाचताच मागे ढकलली. पाच मिनिटांत चिठ्ठी सगळ्या वर्गाला प्रदक्षिणा घालून माझ्यासमोर आली. चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘फॉस्फटेज’.

“अगं, नाटक आहे. दहा मिनिटांचं,” मी म्हणाले.

“नाटक असू दे ना, मॅडम. हॉल भरून सवाष्णी बसणार. त्यांच्यासमोर मी एकेकीची टिकली काढत फिरू? आईला कळलं तर कॉलेजच बंद होईल माझं.”

बाकीच्या तेहतीस मुलींनी माना डोलावल्या. एरवी या वर्गाचं कशावरच कधी एकमत होत नसे.

ही गोष्ट एकोणीसशे ब्याण्णवच्या जानेवारीतली. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मुलींच्या कॉलेजात मी बारावीला जीवशास्त्र शिकवत होते. वय पंचवीस, पहिली नोकरी, जूनमध्ये पुण्याला जायचं आधीच ठरलेलं. त्यामुळे मला गावात कुणाची भीती वाटत नसे. याला मी तेव्हा धैर्य समजत होते.

त्या आठवड्यात धडा होता पेशीच्या आतल्या निरोपांचा. पेशीला बाहेरून निरोप येतो, तो आतल्या आत हातोहात पुढे जातो आणि शेवटी पेशी काहीतरी काम करते. पहिल्या दिवशी मी फळ्यावर बाण काढले. दुसऱ्या दिवशी बाणांना बाण फुटले. तिसऱ्या दिवशी विद्युल्लतेनं विचारलं, “मॅडम, हा एसटीचा नकाशा आहे का?”

मी फळा पुसला.

“संक्रांतीचं बोलावणं करायला बाई येते, ती घरात येते का?” मी विचारलं.

“नाही. दारातनंच सांगते. चपलासुद्धा काढत नाही.”

“आणि आतली काय करते?”

“साडी बदलते. लेकीला हाक मारते. लेक शेजारणीला सांगते. मग सगळी आळीच निघते.”

“झालं. बोलावणं करणारी म्हणजे संप्रेरक. ती दारातच राहते. दारात निरोप घेणारी आहे ती ग्राही. आत गेल्यावर ती एकीला टिकली लावते. जिला टिकली लागली ती जागी झाली. ती पुढच्या दोघींना लावते, त्या चौघींना. पेशीत खरोखर असंच चालतं. टिकली म्हणजे फॉस्फेट, लावणारी कायनेज. शेवटच्या मुली तिळगूळ वाटतात, ते पेशीचं काम.”

“आणि मग थांबतं कसं?” हा प्रश्न वर्गाच्या मागून आला. मुलींपैकी कुणाचा नव्हता. मागच्या मोरीवर काचपट्ट्या धूत उभ्या असलेल्या हौसाबाई लोखंडे यांचा होता.

“चांगला प्रश्न. टिकल्या काढणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं, फॉस्फटेज. टिकली निघाली की ती शांत झाली. ते नसेल तर निरोप थांबतच नाही. पेशी वेड्यासारखी काम करत सुटते, वाढत सुटते. बऱ्याच कर्करोगांची सुरुवात अशीच होते.”

“असं व्हय,” हौसाबाई म्हणाल्या आणि पुढची काचपट्टी घेतली.

हौसाबाई आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि आमच्याकडे त्या आठ वर्षं होत्या, सगळी हंगामी. कांद्याचा पापुद्रा त्या असा काढत की सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी फाटलेली दिसत नसे. मी एम.एस्सी. करून आलेली, पण माझा पापुद्रा भजी करायच्या कांद्यासारखा निघायचा. मुली परीक्षेच्या दिवशी माझ्याकडे न येता त्यांच्याकडे जात.

एवढं असून त्या कायम झालेल्या नव्हत्या. कायम करण्याची फाईल संस्थेच्या अध्यक्षांकडे दोनदा जाऊन दोनदा परत आली होती. दोन्ही वेळा एकच शेरा, ‘पदाची आवश्यकता पटत नाही.’ आता ती तिसऱ्यांदा गेली होती. मार्चअखेरपर्यंत सही झाली नाही तर हंगामी पद बंद आणि हौसाबाई घरी, असं पत्रच आलं होतं.

अध्यक्ष म्हणजे अक्कासाहेब. अकरा मुलींवर सुरू केलेलं कॉलेज त्यांनी सहाशेवर नेलं होतं. उंच, करारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांचे यजमान दादासाहेब वर्षभर अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. त्यामुळे हल्ली अक्कासाहेब उपासतापास आणि शकुन-अपशकुन जरा जास्तच बघतात, असं सगळ्या बायका बोलत. दर संक्रांतीला कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांचं मोठं हळदीकुंकू असे. यंदा त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, “निगुडकर, कार्यक्रमात थोडं विज्ञान घाला.” चिमूटभर वेलदोडा घाला म्हणावं तसं.

म्हणून हे नाटक आणि म्हणून ती चिठ्ठी.

तास संपला, मुली गेल्या. मी चिठ्ठीकडे बघत बसले होते. हौसाबाई हात पुसत आल्या.

“मी करती की, म्याडम.”

“काय?”

“ते टिकल्या काढायचं. माझ्या कपाळाचं काय जायचं राहिलंय? अन् पोरींचं बी काय जात न्हाई. गोंदानं चिकटवल्याली टिकली ती, देवानं लावल्याली न्हवं.”

मला ही कल्पना फार म्हणजे फारच आवडली. हॉल भरून सवाष्णी आणि त्यांच्यासमोर मुलींच्या टिकल्या काढत फिरणाऱ्या हौसाबाई! गावाची जिरेल, मुलींच्या डोक्यात प्रकाश पडेल आणि माझं नाव होईल, असं मी क्षणात ठरवून टाकलं. दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला पंचविशीसारखं वय नाही.

दुसऱ्या दिवशी मी अक्कासाहेबांना नाटक समजावायला गेले. त्यांना मी संप्रेरक केलं होतं. “तुम्ही फक्त दारातून निरोप द्यायचा, अक्कासाहेब. बाकीची कामं इतरांनी करायची.”

“म्हणजे रोजचंच,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या टेबलावर हौसाबाईंची फाईल होती. माझं लक्ष गेलेलं त्यांना दिसलं.

“या बाईचं नेमकं काम काय असतं हो? बाटल्याच धुवायच्या ना? त्यासाठी कायमचं माणूस कशाला?”

मी बरंच काही बोलले. पापुद्रा, काचपट्ट्या, मुलींच्या परीक्षा. त्या ऐकत होत्या आणि ऐकत नव्हत्या. “बघू महिनाअखेरीला,” म्हणाल्या.

बाहेर आले तेव्हा माझं सगळं धैर्य पायात उतरलं होतं. जी बाई सही करायची ती शकुन बघणारी, तिचा नवरा अंथरुणाला, आणि तिच्या डोळ्यांदेखत हौसाबाई भर हळदीकुंकवात टिकल्या काढणार. मी जूनमध्ये पुण्याला जाईन. हौसाबाई कुठं जातील?

मी प्रयोगशाळेत जाऊन म्हणाले, “हौसाबाई, तो शेवटचा भाग गाळू या. वेळ कमी आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कांदा निवडताना बघत तसं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग टिकल्यांची पाकिटं तेवढी मी वाटती पोरींस्नी.”

“वाटा. प्रत्येकीला दोनच टिकल्या. हिरव्या आणल्यात, म्हणजे बायकांच्या कुंकवात मिसळायच्या नाहीत.”

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या.

हळदीकुंकू शनिवारी दुपारी तीनला होतं. दोनशेवर बायका आल्या. व्यासपीठाजवळ तिळगुळाच्या सहा पराती झाकून ठेवलेल्या. चारला कलेक्टरांच्या पत्नी येणार होत्या, त्यांच्या हस्ते वाण वाटायचं होतं. हौसाबाई दाराबाहेर रिकामं तबक घेऊन उभ्या होत्या. दर वर्षी त्या तिथंच उभ्या राहत. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नाही, हीच तर त्यातली वाईट गोष्ट होती.

मी माईकवरून सांगितलं की हा हॉल म्हणजे एक पेशी आहे. बायका खुदखुदल्या. अक्कासाहेब दारातून म्हणाल्या, “हळदीकुंकवाला या.” उंबऱ्यावरच्या विद्युल्लतेनं निरोप घेतला, गर्रकन वळली आणि दोघींना हिरव्या टिकल्या लावल्या. दोघींनी चौघींना, चौघींनी आठ जणींना, आठ जणींनी सोळांना. सोळा जणींनी परातींवरचं झाकण काढलं आणि तिळगूळ वाटायला लागल्या. ठरल्याप्रमाणे इथं सगळ्यांनी थांबून नमस्कार करायचा होता.

पण थांबलं कुणीच नाही. सोळा जणींनी बत्तीस बायकांना टिकल्या लावल्या. टिकल्या लागलेल्या बायका उठल्या, मूठभर तिळगूळ घेतला, शेजारणीच्या हातावर ठेवला आणि मुलींकडून टिकल्या घेऊन पुढच्या दोघींना लावल्या. प्रत्येक मुलीच्या हातात दोन टिकल्या नव्हत्या, अख्खं पाकीट होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साडी सांभाळून चार तास गप्प बसायला आलेल्या बायका त्या. त्यांना कुणी खेळा म्हटलं की झालं. बँकेच्या मॅनेजरच्या पत्नीनं मुख्याध्यापिकेला पळत जाऊन गाठलं. एका आजीबाईंच्या दोन्ही गालांवर टिकल्या होत्या आणि त्या तिसरी मागत होत्या. अक्कासाहेब व्यासपीठावर येऊन बसल्या होत्या. विद्युल्लता तिथंही पोचली आणि त्यांच्या कुंकवाच्या वर, बरोबर मधोमध, एक हिरवी टिकली चिकटवून पळाली.

पहिल्या चार पराती संपल्या.

“निगुडकर,” अक्कासाहेब म्हणाल्या. “थांबवा हे. पाहुण्या यायच्यात.”

खरं सांगायचं तर मी माईकवर दोनदा ओरडले असते तर ते थांबलं असतं. पण माझ्या जिभेला ऐनवेळी काय झालं कुणास ठाऊक.

“टिकल्या निघाल्याशिवाय थांबत नाही, अक्कासाहेब. खऱ्या पेशीतसुद्धा.”

“मग सांगा काढायला.”

“आपली आपण काढायची नसते. काढणारी वेगळी असते.”

“कोण आहे ती?”

मी दाराकडे पाहिलं. अक्कासाहेबांनीही पाहिलं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी आमच्या नजरा बघितल्या आणि त्या गप्प झाल्या. मागे दंगा चालूच होता. पाचवी परात अर्ध्यावर आली होती.

आणि त्याच वेळी मी आत्ता काय करून बसले ते मला कळलं. जो भाग मी हौसाबाईंसाठी गाळला होता, तोच मी भर हॉलमध्ये अक्कासाहेबांच्या पुढ्यात आणून ठेवला होता. आता त्या ‘नको’ म्हणाल्या की त्या नकाराला दोनशे साक्षीदार आणि फाईलवर तिसरा शेरा.

“तिला कळतं यातलं?” अक्कासाहेबांनी विचारलं.

“माझ्यापेक्षा जास्त.”

त्यांनी घड्याळात पाहिलं. मग म्हणाल्या, “हौसाबाई, आत या.”

हौसाबाईंनी तबक खाली ठेवलं, चपला काढल्या आणि आत आल्या. वाटेत कुणालाही न शिवता त्या सरळ व्यासपीठापाशी आल्या.

“अक्कासाहेब, सुरवात तुमच्यापासनं करावी लागंल. निरोप तुमचा हुता.”

हॉलमध्ये आता मागेही शांतता पसरली. अक्कासाहेबांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. ती टिकली त्यांना स्वतःलाही काढता आली असती. कुणी काही म्हटलं नसतं. हात अर्ध्यावर थांबला. दोनशे बायका बघत होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या मनात दादासाहेबांचं अंथरूण होतं.

अक्कासाहेबांनी हात खाली घेतला आणि मान वाकवली.

हौसाबाईंनी अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख टिकलीच्या कडेला लावलं. दोन बोटांत टिकली अलगद निघाली. खालच्या कुंकवाचा एक कणसुद्धा हलला नाही. त्यांनी ती टिकली स्वतःच्या डाव्या मनगटावर चिकटवली आणि वळून म्हणाल्या, “या आता एकेक जण.”

बायका आल्या. आधी मुली, मग पहिली रांग, मग सगळ्या. काही जणी बिचकत आल्या, पण अक्कासाहेबांनंतर नाही म्हणायची टाप कुणाची होती? जिची टिकली निघे ती जागेवर जाऊन बसे. हौसाबाईंचा हात मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा झाला. आजीबाईंनी मात्र गालावरची एक ठेवून घेतली. सहावी परात वाचली. मी माईकवर पेशीबद्दल आणि कर्करोगाबद्दल जे दोन वाक्यांत सांगायचं ते सांगितलं, आणि माझ्या आयुष्यात मला इतके शांत श्रोते पुन्हा मिळाले नाहीत. चारला पाच मिनिटं असताना कलेक्टरांच्या पत्नी आल्या. “किती शिस्तीत बसल्यात सगळ्या,” त्या म्हणाल्या.

सोमवारी अक्कासाहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. फाईल उघडी होती.

“बस, हौसाबाई.”

हौसाबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

“मुलींना अख्खी पाकिटं कुणी दिली?”

“मी,” मी म्हणाले.

“तुम्ही खोटं बोलताना चष्मा पुसता, निगुडकर.”

मी चष्मा घाईघाईनं डोळ्यांवर चढवला. हौसाबाई म्हणाल्या, “मी दिली. पोरींस्नी सांगितलं, लावत सुटा, समोर कोन हाय बघू नगा. थांबायचं ते मी बघती म्हटलं.”

शनिवारपासून मी जो अपघात समजत होते तो त्यांनी मांडलेला प्रयोग होता.

“का?” अक्कासाहेबांनी विचारलं.

“फायलीवर तुमी दोनदा लिवलंय, गरज काय म्हणून. म्याडमनी तोंडानं सांगितलं. तोंडानं सांगून कुणाला पटतंय? प्रयोग करून दाखवावा लागतो. आठ वर्सं तेच बघत आलीया मी हितं.”

“आणि मी तुला आत बोलावलंच नसतं तर?”

“तर तिळगूळ संपला असता. अन् मार्चात मी बी.”

अक्कासाहेब हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. पुढचं त्या खाली बघून म्हणाल्या, आवाज एवढा लहान की तो त्यांचा वाटेना.

“माझ्या कपाळाला हात लावताना तुला काही वाटलं नाही? घरी काय परिस्थिती आहे, तुला ठाऊक आहे.”

“टिकलीला लावला हात, कुकवाला न्हाई,” हौसाबाई म्हणाल्या. “अन् लावला असता तरी बी, अक्कासाहेब, कुकू कुणाच्या बोटानं पुसत न्हाई. ते कशानं पुसतं, मी बघितलंय. माझ्या कपाळाला तवा कुणी हात लावला नव्हता.”

बाहेर मुलींची सुटी झाली होती, त्यांचा गलका तेवढा येत होता. अक्कासाहेबांनी पदरानं कपाळाच्या कडेचा घाम टिपला, फाईल जवळ ओढली आणि सही केली. मग शाई वाळेपर्यंत त्या फाईलवर फुंकर घालत बसल्या, लहान मुलाच्या गुडघ्यावर घालावी तशी.

दादासाहेब त्यानंतर नऊ वर्षं जगले. रोज सकाळी चहात साखर कमी म्हणून अक्कासाहेबांशी भांडत असत, हे मला पुण्यात पत्रातून कळत राहिलं. हौसाबाई कायम झाल्या, कायम म्हणूनच निवृत्त झाल्या.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा जिना. आम्ही प्रयोगशाळेकडे उतरत होतो. मला आनंदही झाला होता आणि लाजही वाटत होती. मी त्यांना वाचवायला निघाले होते, आणि त्यांनी माझ्याच धड्यानं स्वतःला वाचवलं होतं, शिवाय माझी अब्रूही राखली होती.

“म्याडम, एक विचारू?” हौसाबाई मध्येच थांबल्या. “ते टिकल्या काढणारं पेशीत खरंच असतं, का माझ्यावर दया येऊन तुमी आपलं घातलंत?”

“खरंच असतं. प्रत्येक पेशीत. त्याच्याशिवाय पेशी जगतच नाही.”

“आन् तुमी ते गाळून शिकवायला निघाला हुता व्हय?” त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या चार पायऱ्या उतरून कामाला लागल्या.